फालतू साइट्सना लिंक दिली म्हणून आपलं रँकिंग पडते का?

भाऊ, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमची ताडोबा, पेंच, उमरेड-करांडला इथल्या सफारीची माहिती देणारी मराठी साइट आहे, नागपूरच्या मानेवाड्यात घरूनच चालवता, लेखांमध्ये रिसॉर्टवाले, टॅक्सीवाले, ट्रॅव्हल एजंट यांच्या जागोजागी लिंका आहेत आणि त्यातल्या बऱ्याच साइट्स आता भंगार झाल्यात, वरून मागच्या वर्षी पैसे घेऊन काही गेस्ट पोस्टही (बाहेरच्यांनी लिहून दिलेले, त्यांच्या लिंका असलेले लेख) टाकल्या, आणि आता जुलै लागल्यापासून ट्रॅफिक बसलं. तुमचा मित्र सांगून राहिला की घाण साइट्सना लिंक दिल्या म्हणून गूगलने तुला आपटलं, बाहेर जाणारी एकूण एक लिंक काढून टाक.

काढू नका. काही काढाव्या लागतील, त्या कोणत्या ते खाली सांगतो, पण सरसकट झाडू मारू नका, त्याने वाचणाऱ्याचं नुकसान होईल आणि रँकिंग तर एक इंचही वर जाणार नाही. मी इथेच नागपुरात हे काम करतो, बरीच वर्षं झाली, इतवारीच्या व्यापाऱ्यांपासून वर्धा रोडच्या हॉटेलांपर्यंत सगळ्यांच्या साइट्स पाहिल्यात, आणि हा गैरसमज दर दोन-चार महिन्यांनी कोणी ना कोणी घेऊन येतेच. माझं म्हणणं इतकंच आहे की तुम्ही कोणाला लिंक दिली यापेक्षा ती का दिली हे जास्त महत्त्वाचं असते. वाचकाच्या कामाची म्हणून दिली असेल तर समोरची साइट दिसायला कितीही गरीब असू द्या, काही बिघडत नाही. पैसे घेऊन, अदलाबदल करून, किंवा कोणाचं रँकिंग वाढवायला दिली असेल तर समोरची साइट चकाचक असली तरी ती भानगडच आहे.

आता हा "वाईट संगत" वाला विचार आला कुठून ते थोडं पाहू, कारण तो अगदीच हवेतला नाही. १९९८ मध्ये स्टॅनफर्डला गूगल काढणारे लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी पेजरँक नावाचं पानांचं वजन मोजायचं सूत्र मांडलं, त्यात लिंक म्हणजे एक मत, आणि ज्याला स्वतःला जास्त वजनदार मतं मिळाली त्याच्या मताला जास्त वजन. त्या हिशोबात तुमच्या पानाचं वजन ठरते ते तुमच्याकडे येणाऱ्या लिंकांवरून, तुमच्याकडून जाणाऱ्यांवरून नाही, तुम्ही कचऱ्याला मत दिलं म्हणून तुमचं स्वतःचं मत कापलं जाईल अशी काही सोय त्या मूळ सूत्रात नव्हती. मग स्पॅमवाल्यांनी लिंकांची शेतीच सुरू केली, शंभर साइट्स काढायच्या आणि एकमेकींना जोडायच्या, तेव्हा उपाय शोधणं भाग पडलं. २००४ मध्ये स्टॅनफर्ड आणि याहूच्या लोकांनी मिळून ट्रस्टरँक नावाचा पेपर काढला. त्यातलं निरीक्षण साधं आहे: चांगल्या साइट्स स्पॅम साइट्सकडे सहसा बोट दाखवत नाहीत. म्हणून आधी हाताने निवडलेल्या काही भरवशाच्या साइट्स घ्यायच्या, तिथून लिंकांच्या वाटेने भरवसा पुढे जाऊ द्यायचा, जितकं लांब जावं तितका तो पातळ होत जाते. हाच विचार उलटा केला तर जो वारंवार स्पॅमकडे बोट दाखवतो तोही संशयित ठरतो. आणि गूगलच्या जुन्या वेबमास्टर गाइडलाइन्समध्ये तर सरळ लिहिलं होतं की स्पॅमर्सना आणि वेबवरच्या वाईट वस्त्यांना लिंक देऊ नका, त्याचा तुमच्या रँकिंगवर वाईट परिणाम होऊ शकतो. तुमच्या मित्राच्या कानावर जे आलं ते तिथून, कोणाकोणाच्या तोंडून फिरत फिरत.

पण त्याला आता खूप वर्षं झाली आणि मधल्या काळात गूगलची वागायची पद्धत बदलली. २४ एप्रिल २०१२ ला पेंग्विन अपडेट, म्हणजे गूगलच्या रँकिंगच्या पद्धतीतला एक बदल, आलं तेव्हा लिंकांची बनवाबनवी करणाऱ्या साइट्स अक्षरशः खाली फेकल्या गेल्या, आणि पुढचा पेंग्विन येईपर्यंत, कधी कधी वर्षभर, तशाच पडून राहायच्या. सप्टेंबर २०१६ मध्ये पेंग्विन ४.० आलं, ते मुख्य अल्गोरिदमचा भाग झालं, आणि तेव्हापासून भर शिक्षेवर कमी आणि स्पॅम लिंक मोजायचीच नाही यावर जास्त आहे. लक्षात घ्या, पेंग्विन मुळात तुमच्याकडे येणाऱ्या लिंकांबद्दल होतं, लोक जाणाऱ्या लिंकांच्या चर्चेत ते उगाच ओढतात.

तुमच्या कामाची तारीख आहे डिसेंबर २०२२. त्या महिन्यातलं लिंक स्पॅम अपडेट जाहीर करताना गूगलने सांगितलं की त्यांची स्पॅमब्रेन नावाची एआय यंत्रणा आता लिंका विकत घेणाऱ्या साइट्स तर ओळखतेच, पण बाहेर लिंका द्यायच्या याच कामासाठी वापरल्या जाणाऱ्या साइट्सही ओळखते. म्हणजे विकणाराही रडारवर आला. आणि ओळखलं की करतात काय, तर त्या लिंकांची किंमत शून्य. सोयरीक जमवणारा एखादा मध्यस्थ असतो नं, त्याने पैसे खाऊन दोन-चार ठिकाणी वाईट स्थळं गळ्यात बांधली की लोक त्याला मारत नाहीत, त्याच्या घरी चहाही घेतात, फक्त त्याने सुचवलेलं स्थळ कोणी पाहायला जात नाही. तुमच्या साइटचं तसं होते. तुम्ही जागेवरच राहता, पण तुमच्या शब्दाला किंमत राहत नाही, आणि पंचाईत अशी की मग तुम्ही मोहर्लीच्या एखाद्या खरोखर चांगल्या होमस्टेला मनापासून लिंक दिली तरी तिचाही त्याला उपयोग होत नाही.

हे झालं मशीनचं. माणसांनी केलेली कारवाई वेगळी, तिला मॅन्युअल ॲक्शन म्हणतात, आणि तिथे मात्र जाणाऱ्या लिंकांसाठी स्वतंत्र कलम आहे: तुमच्या साइटवरून जाणाऱ्या अनैसर्गिक लिंका. गूगलचा माणूस तुमची साइट पाहतो, लिंका विकल्या जाऊन राहिल्या असं त्याला दिसते, आणि सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साइटमालकांसाठीच्या गूगलच्या टूलमध्ये, नोटीस पडते. एप्रिल २०१६ मध्ये असा एक मोठा झटका ब्लॉगवाल्यांना बसला होता. त्याच्या आधी, मार्चमध्ये, गूगलने सांगून ठेवलं होतं की कंपनीने फुकट वस्तू दिली आणि तुम्ही तिचा रिव्ह्यू लिहिला तर त्या लिंकला नोफॉलो (ही लिंक माझं मत म्हणून धरू नका असं गूगलला सांगणारी कोडमधली खूण) लावा, फुकट वस्तू म्हणजेही मोबदलाच. ज्यांनी ऐकलं नाही त्यांना नोटिसा गेल्या, आणि त्यात मुख्य मुद्दा हाच होता की आता तुमच्या साइटवरच्या लिंकांवर आम्ही भरवसा ठेवणार नाही.

त्याच्याही आधीचं एक प्रकरण मला फार बोलकं वाटते. इंटरफ्लोरा ही ब्रिटनमधली फुलं पाठवणारी मोठी कंपनी, फेब्रुवारी २०१३ मध्ये ती गूगलवर स्वतःच्या नावानेही सापडेनाशी झाली, बरेच दिवस. तिने स्थानिक वर्तमानपत्रांच्या साइट्सवर बातमीसारख्या दिसणाऱ्या जाहिराती छापून घेतल्या होत्या, आत लिंका पेरलेल्या. पण लोकांच्या लक्षात राहिली ती इंटरफ्लोरा, आणि विसरले ते हे की त्याच सुमारास तिथल्या कितीतरी स्थानिक वर्तमानपत्रांच्या साइट्सचा ब्राउझरमधल्या गूगल टूलबारवर दिसणारा पेजरँकचा आकडाही धाडकन खाली आला. म्हणजे घेणारा आणि देणारा, दोघांनाही प्रसाद. आणि गूगल स्वतःलाही सोडत नाही बरं का, २००९ मध्ये त्यांच्या जपानच्या ऑफिसने एका सेवेच्या प्रचारासाठी ब्लॉगर्सना पैसे देऊन लिहून घेतलं होतं, तर त्यांनी आपल्याच जपानी साइटचा पेजरँक ९ वरून ५ वर आणला. आता तो टूलबारवाला आकडा २०१६ पासून दिसत नाही, त्यामुळे असं काही झालं तर कळायला उरलं ते सर्च कन्सोल.

मग आता तुमच्या साइटवर येऊ. तुमच्या लिंका सगळ्या एकाच टोपल्यात टाकू नका.

पहिला ढीग मोठा आहे आणि निरुपद्रवी आहे. कोलारा गेटजवळच्या कोणाच्या तरी लॉजची साइट, मोबाइलवर नीट उघडत नाही, फोटो पंधरा वर्षांपूर्वीचे, सुरक्षित कनेक्शनचं कुलूपही नाही. सिल्लारीच्या जिप्सीवाल्याने भाच्याकडून करून घेतलेलं एक पानाचं काहीतरी. एखाद्या ग्रामपंचायतीची साइट जिच्यावर अजूनही पळत्या अक्षरात "हार्दिक स्वागत" येते. लोक यांना लो-क्वालिटी म्हणतात आणि घाबरतात. बाप्पा, यात घाबरण्यासारखं काय आहे? साइट गरीब असणं आणि साइट लबाड असणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो लॉज खराखुरा आहे, तिथला फोन लागतो, तुमच्या वाचकाला तिथे खोली मिळते, तर ती लिंक चांगलीच आहे. आपल्याकडे विदर्भात निम्म्याहून जास्त खऱ्या धंद्यांच्या साइट्स अशाच आहेत आणि त्यांना लिंक द्यायची नाही म्हटलं तर लिहायचं कोणाबद्दल? वाचकाला उपयोगी पडेल अशी बाहेरची लिंक देणं चांगलंच आहे, हे गूगलच्या जॉन म्युलरनेही सांगितलंय. फक्त याचा उलटा अर्थ काढू नका. काही एजन्सीवाले सांगतात की प्रत्येक लेखात विकिपीडियाला आणि दोन सरकारी साइट्सना लिंक ठोका, रँकिंग वाढते. नाही वाढत. वाचकाला हवी असेल तिथे द्या, वनविभागाच्या अधिकृत बुकिंगची लिंक तर द्याच, कारण सफारीच्या नावाखाली भलत्याच साइटवर पैसे भरून फसणारे लोक कमी नाहीत.

दुसरा ढीग जुन्या लिंकांचा, आणि माझ्या मते तुमच्या साइटवरचा खरा धोका इथे आहे, गेस्ट पोस्टपेक्षाही जास्त, कारण तो तुम्हाला दिसतच नाही. तुम्ही पाच वर्षांपूर्वी एखाद्या ट्रॅव्हल एजंटला लिंक दिली. कोविडमध्ये त्याचा धंदा बसला, डोमेनचं, म्हणजे साइटच्या पत्त्याचं, नूतनीकरण राहून गेलं, डोमेन सुटलं, आणि कोणीतरी ते उचललं. उचलणाऱ्याला ट्रॅव्हलशी काही देणंघेणं नसते, त्याला हव्या असतात त्या डोमेनकडे येणाऱ्या जुन्या लिंका, तुमच्यासारख्यांच्या. आता तिथे कसिनो आहे, नाहीतर सट्टा, नाहीतर कसल्यातरी गोळ्या. तुमच्या लेखात अजूनही लिहिलंय "ताडोबा पॅकेजसाठी इथे पाहा" आणि क्लिक केलं की रमीचं पान उघडते. मार्च २०२४ मध्ये गूगलने स्पॅमच्या धोरणात हा प्रकार एक्स्पायर्ड डोमेनचा गैरवापर म्हणून वेगळा घातला, त्यात उदाहरणच दिलंय की आधी जी प्राथमिक शाळेची साइट होती तिच्यावर आता कसिनोचा मजकूर. कारवाई होते ती त्या डोमेनवर, तुमच्यावर नाही, एक-दोन लिंका अशा निघाल्या म्हणून तुमचं रँकिंग हलणार नाही. पण अमरावतीहून लेकरांना घेऊन जंगल पाहायला निघालेल्या माणसाला तुम्ही जुगाराच्या पानावर पाठवून राहिले, हे रँकिंगपेक्षा वाईट नाही का? आणि त्या पानावर मालवेअर बसलं असेल तर क्रोम लाल पडदा दाखवते, आणि वाचकाच्या डोक्यात राहते की तुमच्या साइटवरून गेलो आणि हे झालं. अशा लिंका काढा, किंवा त्या एजंटची नवी साइट असेल तर ती टाका. नोफॉलो लावून तिथेच ठेवणं हा उपाय नाही, क्लिक करणाऱ्या वाचकाला नोफॉलो दिसतच नाही.

तिसरा ढीग गेस्ट पोस्टचा. इथे मी गोड बोलणार नाही. मेल येतात ते सगळे एकाच साच्याचे असतात, तुमची साइट खूप आवडली, आमच्या क्लायंटसाठी लेख द्यायचाय, लिंक डूफॉलो (म्हणजे नोफॉलो न लावलेली) पाहिजे, कायमची पाहिजे, आणि लेखावर स्पॉन्सर्ड असं कुठेही लिहायचं नाही. ही शेवटची अट वाचली की समजून जा. जाहिरात हवी असती तर त्याला स्पॉन्सर्ड लिहायला काय अडचण होती? त्याला तुमचे वाचक नकोच आहेत, त्याला तुमचं मत विकत पाहिजे. हजार-दोन हजार रुपये मिळतात, आणि त्या बदल्यात वाघांच्या साइटवर "घरबसल्या पर्सनल लोन कसं मिळवावं" नाहीतर "टॉप दहा क्रिप्टो ॲप" असा लेख बसतो, तोही मशीनने मराठीत फिरवलेला. तुम्ही विचारून राहिले त्या लिंकेबद्दल, पण मला काळजी वाटते त्या लेखाची. लिंक गूगल न मोजता सोडून देईल, पण तो लेख तुमच्याच साइटचं पान आहे, आणि असले लेख वाढत गेले की साइटचं एकूण वजन खाली येते. मार्च २०२४ च्याच धोरणात आणखी एक कलम आलं, साइटच्या नावलौकिकाचा गैरवापर: दुसऱ्याचा मजकूर आपल्या साइटवर, आपल्या साइटच्या वजनावर रँक व्हावा म्हणून टाकणं. ५ मे २०२४ नंतर त्याची अंमलबजावणी सुरू झाली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांनी हेही स्पष्ट केलं की आम्ही स्वतः देखरेख ठेवतो, आमचाही त्यात सहभाग आहे वगैरे म्हटलं तरी सुटका नाही. जगातल्या नामांकित बातम्यांच्या साइट्सचे कूपनचे विभाग यात सापडले, तिथे तुमची-आमची काय कथा.

बेटिंगवाल्यांचा मेल तर उघडूच नका. तो आता गूगलचा विषयच राहिला नाही, २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर कायदा केला आणि त्यांच्या जाहिरातीसाठीही दोन वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद त्यात आहे. दोन हजार रुपयांसाठी कोण घेईल हे झंझट.

मग पैसे घ्यायचेच नाहीत का? घ्या की. जाहिरात विकणं हा गुन्हा नाही. एखाद्या रिसॉर्टने पैसे देऊन बॅनर लावला, किंवा त्याच्याबद्दल लेख करून घेतला, तर वर ठळक लिहा की हा जाहिरातीचा लेख आहे आणि लिंकच्या कोडमध्ये स्पॉन्सर्ड ही खूण लावा. नोफॉलो लावलं तरी चालते. नोफॉलो २००५ मध्ये आलं, तेव्हा ते कॉमेंटमधल्या स्पॅमसाठी होतं, मग सप्टेंबर २०१९ मध्ये गूगलने दोन भावंडं आणली, पैशाच्या लिंकांसाठी स्पॉन्सर्ड आणि लोकांनी टाकलेल्या लिंकांसाठी यूजीसी, आणि त्याच वेळी सांगितलं की आता हे सगळे आमच्यासाठी संकेत आहेत, हुकूम नाहीत. ॲमेझॉनसारख्या अफिलिएट (वाचकाने खरेदी केली की तुम्हाला कमिशन मिळते अशा) लिंका असतील, दुर्बिणी नाहीतर कॅमेऱ्याच्या, त्यांनाही स्पॉन्सर्डच. हे लावलं की तुमचं काम झालं, समोरचा धंदा छोटा का मोठा याची चिंता करायची गरज नाही.

पण म्हणून घाबरून साइटवरच्या सगळ्याच बाहेरच्या लिंकांना नोफॉलो ठोकू नका, हे बरेच प्लगइन एका टिचकीत करून देतात आणि लोक खुश होतात की आता माझं लिंक ज्यूस, म्हणजे लिंकेतून जाणारं वजन, बाहेर गळणार नाही. गळणं-बिळणं हा २००९ च्या आधीचा विचार आहे. तेव्हा लोक असं करायचे की पानावर दहा लिंका असतील आणि पाचांना नोफॉलो लावलं तर उरलेल्या पाचांना दुप्पट वाटा मिळेल. गूगलच्या मॅट कट्सने २००९ मध्येच सांगून टाकलं की तसं होत नाही, नोफॉलोवाल्या पाचांचा वाटा हवेत जातो, बाकीच्यांना मिळत नाही. म्हणजे वाचत काहीच नाही, उलट तुम्ही जगाला सांगता की माझ्या साइटवरच्या एकाही लिंकेचा मला स्वतःलाच भरवसा नाही.

कॉमेंटचं थोडक्यात: वर्डप्रेस असेल तर कॉमेंटमधल्या लिंकांना नोफॉलो आणि यूजीसी आपोआप लागते, तरी "नाइस आर्टिकल" लिहून खाली बूट विकणारे कॉमेंट उडवत जा, दिसायलाच वाईट दिसते.

एकमेकांना लिंक देण्याबद्दलही विचारलंय तुम्ही. खुर्सापारच्या रिसॉर्टने तुम्हाला दिली, तुम्ही त्याला दिली, यात काही वावगं नाही, दोघांचा विषय एक आहे, धंद्यात असं होतेच. गूगलच्या धोरणात शब्द आहे तो अति अदलाबदलीबद्दल, म्हणजे खाली "आमचे मित्र" म्हणून पन्नास साइट्सची यादी, त्यात एक पॅकर्स-मूव्हर्स, एक दातांचा डॉक्टर, एक ज्योतिषी. तशी यादी असेल तर आजच काढा.

आता चौथा प्रकार, जो तुम्ही विचारलाच नाही पण मी आधी तोच तपासला असता. तुमची थीम, म्हणजे साइटच्या दिसण्याचा तयार साचा, कुठून आणलीय? कोणाकडून पेनड्राइव्हवर मिळालेली फुकटची "प्रो" थीम असेल तर तिच्या फूटरमध्ये, कधी कधी कोडच्या पोटात, लपवलेल्या लिंका असू शकतात. अशा साइट्स मी इथे भरपूर पाहिल्यात, मालकाला काही दिसत नाही, पाहुण्याला काही दिसत नाही, फक्त गूगलचा बॉट (पानं वाचत फिरणारा प्रोग्रॅम) आला की पानावर शेकडो औषधांच्या लिंका उगवतात. हे हॅकिंग आहे आणि याचा परिणाम खरंच रँकिंगवर होते. तपासायला सर्च कन्सोलमध्ये यूआरएल इन्स्पेक्शनमध्ये जाऊन दोन-चार पानं टाका, लाइव्ह टेस्ट करा आणि गूगलला मिळालेला एचटीएमएल, म्हणजे पानाचा कोड, उघडून पाहा. दुसरं, गूगलमध्ये site: असं लिहून त्याला जोडून तुमचं डोमेन आणि पुढे कसिनो, लोन, व्हायग्रा असे शब्द टाकून शोधा. तुम्ही कधी न लिहिलेली पानं निघाली तर लिंकांची चर्चा बाजूला ठेवा आणि आधी साइट साफ करा, थीम बदला, पासवर्ड बदला, ॲडमिनमध्ये अनोळखी यूजर आहे का पाहा.

बाकी लिंकांची तपासणी अवघड नाही. स्क्रीमिंग फ्रॉग नावाचं सॉफ्टवेअर आहे, ५०० यूआरएलपर्यंत (म्हणजे पानांच्या पत्त्यांपर्यंत) फुकट चालते. ते साइटवर सोडा, एक्स्टर्नलचा टॅब उघडा, एक्सेलमध्ये काढा आणि डोमेनप्रमाणे लावा. ४०४ (पान सापडत नाही) देणाऱ्या लिंका वेगळ्या काढा, दुसऱ्याच डोमेनवर नेणाऱ्या वेगळ्या. उरलेल्या डोळ्याने पाहा, शंका आली तर वेबॅक मशीनमध्ये (साइट्सच्या जुन्या प्रती साठवणारी साइट) ते डोमेन टाकून पाहा की आधी तिथे काय होतं आणि कधी बदललं. एका रविवारचं काम आहे. हो, आणि सर्च कन्सोलमध्ये "लिंक्स" म्हणून जो रिपोर्ट आहे त्यात बाहेर जाणाऱ्या लिंका शोधू नका, तिथल्या बाहेरच्या लिंका म्हणजे तुमच्याकडे येणाऱ्या. डिसअव्हाउ टूलही तसंच, २०१२ मध्ये आलेलं ते टूल येणाऱ्या लिंकांसाठी आहे, त्यातल्या नको त्या मोजू नका असं गूगलला कळवायला. तुम्ही स्वतः दिलेल्या लिंका डिसअव्हाउच्या यादीत टाकून काय होणार, त्या तुमच्याच हातात आहेत, उघडा आणि पुसा.

मॅन्युअल ॲक्शनचं पान मात्र सगळ्यात आधी पाहा. तिथे हिरवी टिक आणि काही अडचण नाही असं असेल तर मित्राचं म्हणणं तिथेच निम्मं संपलं. नोटीस असेलच, तर विकलेल्या सगळ्या लिंका काढा किंवा त्यांना स्पॉन्सर्ड लावा, मधल्या दोन-चारच नाही, सगळ्या, आणि मग फेरविचाराचा अर्ज करा, त्यात काय झालं आणि काय केलं ते सरळ शब्दांत लिहा. उत्तर यायला काही दिवस ते काही आठवडे लागू शकतात.

आणि आता ट्रॅफिक. जुलै लागला आणि ट्रॅफिक पडलं, हे वाचून मला तरी आधी लिंका आठवल्या नाहीत, पाऊस आठवला. ताडोबाचा कोअर, म्हणजे आतलं मुख्य जंगल, पावसाळ्यात साधारण जुलै ते सप्टेंबर बंद असते, पेंचचंही तेच, बफरमधले (भोवतालच्या पट्ट्यातले) काही गेट चालू असतात तेवढेच. एप्रिल-मेमध्ये ऊन ४५ च्या घरात जाते, वाघ पाणवठ्यावर येते, सगळा महाराष्ट्र "ताडोबा सफारी बुकिंग" शोधत असते. जुलैत कोण शोधणार? म्हणून या जुलैची तुलना मेशी करू नका, मागच्या जुलैशी करा. सर्च कन्सोल १६ महिन्यांचा डेटा ठेवते, परफॉर्मन्समध्ये तारखांची तुलना लावा आणि क्लिक पाहू नका, सरासरी पोझिशन, म्हणजे शोधाच्या निकालातला क्रमांक, पाहा. इंप्रेशन (निकालात किती वेळा दिसलात तो आकडा) कमी आणि पोझिशन तीच, म्हणजे लोकच शोधून नाही राहिले, तुमचं काही बिघडलं नाही. पोझिशनच घसरली असेल तर कोणत्या पानांची घसरली ते पाहा, बहुतेक तुम्हाला तीच पानं सापडतील जिथे जिप्सीचे आणि प्रवेशाचे दर अजून तीन सीझन जुने आहेत.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, नाहीतर महिनाभराने परत याल. या खराब लिंका काढल्यावर आलेख वर जाईल अशी अपेक्षा ठेवू नका. त्या लिंकांमुळे तो खाली आलाच नसेल तर त्या काढून वर कसा जाईल? हॅक किंवा मॅन्युअल ॲक्शन निघाली तर गोष्ट वेगळी. नाहीतर गेस्ट पोस्ट उडवा, मेलेल्या लिंका दुरुस्त करा, आणि ऑक्टोबरला गेट उघडायच्या आत गोठणगाव आणि करांडला गेटचं पान नव्या दरांनी पुन्हा लिहा.